कोन बाहेर हाय?

मु. तिवरोळे,
माघ शुद्ध तृतीया, सन १९६६

प्रिय तुळशीराम,

‘तुळश्या’ असंच लिहिणार होते. पण तू आता ठाण्याच्या कचेरीत खुर्चीवर बसतोस, पाकीट दुसऱ्या कुणी फोडलं तर तुझी शोभा व्हायची, म्हणून पुरतं नाव लिहिलं. तुझा निरोप पोचला. सरपंच गोटीरामभाऊ ठाण्याहून आले ते सरळ आमच्या ओट्यावर येऊन टेकले, पाणीसुद्धा मागितलं नाही, आधी निरोप. येत्या ग्रामसभेत आपलं खाडीकाठचं खाजण कारखान्यांच्या वसाहतीला द्यायचा ठराव करून घ्या, बायजाला सांगा, ती पंचायतीत मेंबर आहे, कोळीवाड्यातल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि ठराव असा लिहा की ही गावाचीच मागणी आहे, वरच्या कचेरीत तसं दिसायला लागतं. अरे वा! मागणी आमची, आणि आम्हालाच ठाऊक नाही. ज्या चिखलात आय तुला पाठीला बांधून निवट्या धरायची, चिंबोऱ्या काढायची, तो चिखल आता आम्ही हात जोडून दुसऱ्याला द्यायचा. गोटीरामभाऊ बोलत होते तेव्हा बाबा शेजारी बसून जाळं सांधत होते. भाऊ उठून गेल्यावर म्हणाले, “जेवायला वाढ.”

आधी घरचं सांगते, नाहीतर म्हणशील ताईनं कागद हातात घेतला तो भांडायलाच. बाबांचा डावा गुडघा थंडीत धरतो, बाकी तब्येत ठीक आहे. माझा धाकटा कान्हा शाळेत जातो, बांधावरच्या रस्त्यानं जातो. हो, तुझ्या रस्त्यानं. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो, तरी रस्ता आहे तो आहे, मी नाकारत नाही. तुझे दाजी दादू अजून पाण्यावर जातात, पण होडी आपल्या दारात नसते. सारसोळ्याच्या किनाऱ्याला बांधून ठेवावी लागते. पहाटे चालत सारसोळं गाठायचं, तिथल्या लोकांच्या होड्या आधी निघू द्यायच्या, मग आपली काढायची. ते लोक भले आहेत, कधी काही बोलत नाहीत. पण दादूसारखा माणूस दुसऱ्याच्या दारात खालमानेनं उभा असतो, ते मला बघवत नाही. बाबांची होडी तर तू ओळखणार नाहीस. घरामागं पालथी घातलीय, तिच्याखाली कोंबड्या बसतात. मागं एकदा मी म्हटलं, विकून टाकू, लाकूड चांगलं आहे. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

तुला गावकी आठवते का रे? नाही, तुला आठवत असणारच, मी मुद्दाम विचारतेय. गावकी बसायची ती भांगाच्या दिवसांत. अष्टमीच्या आगेमागे खाडीचं पाणी मरगळतं, डोलीच्या जाळ्यात मासळी शिरत नाही, होड्या काठाला आणि पुरुष घरात. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, तेव्हा डोल लावायची, तेव्हा कोळीवाड्यात राहतात त्या म्हाताऱ्या आणि तान्ही पोरं. म्हणून उधाणात गावकी नाही, सोयरीक नाही, वाटणी नाही. आणि मंडळी देवळापुढं बसली की हिरामण पाटील पहिल्यांदा काय विचारायचे? “कोन बाहेर हाय?” मग मागून बाया नावं सांगायच्या. बायांना गावकीत बोलायची मुभा होती ती एवढीच, कारण कोण पाण्यावर आहे ते घरच्या बाईलाच माहीत. एक जरी होडी बाहेर असली तरी तंबाखू मळायची, गप्पा हाणायच्या, उठून घरी जायचं. निकाल नाही. नवी विहीर कुठं खणायची ते ठरायला पंधरा दिवस लागले, कारण एकटे धर्मराजकाका उरणच्या बाजूला अडकले होते. आगरी मंडळी वैतागायची, गोटीरामभाऊंचे वडील तर तोंडावर शिव्या घालायचे, पण थांबायचे. लावणीच्या दिवसांत त्यांच्यासाठी आपण थांबायचो. आपण पोरं तर तोच खेळ खेळायचो. तू पालथ्या पाटीवर बसून हिरामण पाटलासारखा घसा खाकरायचास, “कोन बाहेर हाय?” आणि मी खेकड्यांची नावं ठेवून एकेक सांगायची. हसून हसून पोट दुखायचं.

मग तू मॅट्रिक झालास. कोळीवाड्यातला पहिला. आयच्या माघारी बाबांनी तुला शिकवलं ते कसं, ते लिहीत नाही, तुला माहीत आहे. पंचायत नवी नवी झाली आणि तू तिचा सेक्रेटरी झालास तेव्हा बाबा नुसते गावभर हिंडत होते, काही काम नसताना. पुढं तो जीपवाला साहेब आला, विस्तार अधिकारी. जीप नेरूळपाशी थांबली आणि बिचारा बूट हातात धरून चिखलातून आला. देवळापुढं उभा राहून म्हणाला, इतकी वर्षं योजना वरून यायची, आता गावानं सांगायची, गावानं ठरवायची, आम्ही फक्त लिहून घेणार. बाबांना तो माणूस भारी आवडला. सरकारचा माणूस आपल्याला विचारतोय, हे त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. रात्री जेवताना तेच, दुसऱ्या दिवशी होडीत तेच. योजना काय होती? आपल्या खाडीच्या फाट्यावर आडवा बांध घालायचा, त्याला फळ्यांची उघाडी, पाण्याचं दारच ते, ठेवायची, म्हणजे खारं पाणी आत येणार नाही, आतल्या खाजणात भात पिकेल, आणि बांधावरून रस्ता जाईल. आगरी मंडळी खूश, त्यांना जमीन मिळणार. कोळीवाड्यात आधी ओरड झाली, होड्या आत येणार कशा? तेव्हा बाबांनीच सगळ्यांना शांत केलं. म्हणाले, साहेब विचारतोय ना, मग सांगू त्याला. त्यांचं सांगणं एवढंच होतं, “बांध घाला, पन होडीला वाट ठेवा.” मध्ये थोडी जागा मोकळी सोडा, वर लाकडी पूल टाका, शीड उतरवून आम्ही खालून येऊ. बस. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस, वल्हं मारताना ते वाक्य घोकायचा. दादू घरी येऊन नक्कल करायचा आणि आम्ही हसायचो.

आणि ग्रामसभा लागली फाल्गुनातल्या अमावास्येला. भर उधाणात, भर दुपारी. दवंडी फिरली ती आदल्या दिवशी संध्याकाळी, तोवर अर्ध्या होड्या बाहेर पडलेल्या. उरलेल्यांनी म्हटलं, सभा काय लगेच संपते होय? आणि आपल्या लोकांची समजूत बघ किती भोळी. सगळ्यांना वाटलं, होड्या बाहेर आहेत म्हटल्यावर निकाल होणारच नाही. असं आजवर कधी झालंच नव्हतं, तर आता कशाला होईल? बोलतील, तंबाखू मळतील, उठतील. म्हणून गेले सगळे पाण्यावर, बाबा पण गेले. शाळेच्या अंगणात साहेब खुर्चीवर आणि शेजारी तू. साहेबानं विचारलं, कुणाची हरकत असेल त्यांनी हात वर करा. हरकत असणारे सगळे खाडीत. कोळीवाड्यातल्या आम्ही चार बाया कुंपणाशी उभ्या होतो. धोंडूबाई मोठ्यानं म्हणाली, अरे, कोन बाहेर हाय ते तरी इचारा. साहेबाला कळलं नाही, त्यानं तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, काही नाही साहेब, बाया आहेत. तुळश्या, हे मी कानांनी ऐकलंय.

संध्याकाळी होड्या आल्या तेव्हा जीप निघून गेली होती. हिरामण पाटील ओल्या पायांनी शाळेच्या अंगणात जाऊन उभे राहिले, मागं बाबा, त्यांच्या खांद्यावर जाळं तसंच. तू सतरंजी झटकत होतास. म्हणालास, सभा झाली, ठराव एकमतानं पास झाला, कोळीवाड्यातून कुणी आलंच नाही त्याला मी काय करू? बाबा तसेच घराकडे वळले. घरी येऊन मला विचारलं, “त्याना कोनी सांगला होडीला वाट ठेवा म्हनून?” मी म्हटलं नाही. ते वाक्य त्यांनी नंतर कधी म्हटलं नाही.

पुढचं तू बघितलंस, थोडं बघितलंस, कारण बांधाला वर्ष व्हायच्या आत तुला ठाण्याची नोकरी लागली. फाटा गाळानं भरला. गोटीरामभाऊंकडे दोन हंगाम भात बरं आलं. मग उघाडीच्या फळ्या कुजल्या. शेतांचा जुना बांध होता तेव्हा भगदाड पडलं की रात्र नाही दिवस नाही, आगरी-कोळी सगळे चिखल घेऊन धावायचे, कारण बांध गावकीचा होता. हा बांध सरकारचा. फळी बदलायला अर्ज करायचा आणि वाट बघायची. वाट बघता बघता खारं पाणी आत शिरलं, आणि गोटीरामभाऊंच्या खाचरात आज काय पिकतं? मीठसुद्धा धड नाही. आमची होडी गेली, त्यांचं भात गेलं. आता दोघंही तुर्भ्याच्या बाजूला कुठं कारखाना उघडतोय का ते बघत बसलोत, पोरांना आत घेतील का म्हणून. आणि तू म्हणतोस उरलंसुरलं खाजण पण देऊन टाका.

इतकी वर्षं मी तुझी बाजू घेत आले, हे तुला कुणी सांगितलं का? कशाला सांगतील! पाणवठ्यावर, चुलीपाशी, लग्नात, कुणी तुझं नाव काढलं की मी पदर खोचून उभी. तारीख कचेरीनं काढली, पोरगा नोकर माणूस, तो काय करणार, साहेबापुढं त्याचं चालतं का? धोंडूबाईशी तर माझं बोलणं बंद झालं याच्यावरून, आणि ती माझी सख्खी चुलतसासू. बायांची जागा म्हणून मला पंचायतीत घेतलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, कचेरीचा कारभार आतून कळेल, मग मी सगळ्यांना दाखवून देईन की तुळशीरामचा यात काही दोष नव्हता. खरंच, मी मेंबर झाले ती त्यासाठी.

दिवाळीच्या आधी पनवेलला बाई-मेंबरांचं शिबिर होतं. तिथं तोच साहेब शिकवायला. केस पिकलेत, पण ओळखलं मी. दुपारी जेवताना मी म्हटलं, साहेब, तुम्ही आमच्या गावाला अमावास्येची तारीख दिली आणि आमचा घात झाला. तो माणूस जेवायचा थांबला. म्हणाला, बाई, मी तर कोळीवाडा आहे म्हणून मुद्दाम विचारलं होतं. दोन दिवस सुचवले होते, एक त्या अष्टमीचा आणि एक अमावास्येचा. तुमच्या सेक्रेटरीनंच अमावास्या घ्या म्हणून सांगितलं, म्हणाला त्या दिवशी सगळे मोकळे असतात. त्याला पुढं मला विचारायचं होतं, सेक्रेटरीनं असं का केलं म्हणून. मी पानावरून उठले. आचारीणबाई म्हणाली भात नको का, मी म्हटलं पोट भरलं.

सगळे मोकळे असतात! पालथ्या पाटीवर बसून हिरामण पाटील होणारा तू! आपल्या घरात कुत्र्याला पण अमावास्या कळायची, बाबा निघाले की ते काठापर्यंत मागं जायचं. मी घरी आले तरी कुणाला काही बोलले नाही. नुसता राग राग होत होता. भांडी आपटत होते, पोराला उगाच मारलं. दादूनं विचारलं, अंगात आलंय का? मग एके दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या मला आयची ती दुपार आठवली, आणि तू असं का केलंस ते कळलं.

ओहोटी होती. आयला आकडी आली होती आणि बेलापूरच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. बाबांनी होडीत घातलं, पण फाट्यात पाणीच नव्हतं. होडी चिखलात रुतलेली, बाबा आणि काका कमरेपर्यंत गाळात उभे राहून ढकलतायत, आणि आय आडवी. तू काठावर उभा होतास, लहान होतास, ओरडत होतास, रस्ता का नाही, रस्ता का नाही. पाणी चढायला लागलं तोवर आय गेली होती. म्हणजे तुला रस्ता हवा होता. बांध झाला तरच रस्ता होणार, आणि कोळी आले तर बांधाला नाही म्हणतील, हे तुझ्या डोक्यात. होय ना? माझ्या भावा, मी तुझ्यावर चिडलेय, पण ही गोष्ट मी समजू शकते. मी पण त्या काठावर होते.

पण तू एकदा, एकदा तरी गावकीत उभं राहून बोलायचं होतंस. आयचं नाव घ्यायचं होतंस. कोळीवाड्यातली कुठली बाई त्या दिवशी रडली नव्हती? हिरामण पाटलांनी स्वतः तिरडीला खांदा दिला होता. आणि बाबा, अरे, बाबा तर बांध घाला म्हणतच होते! त्यांनी फक्त होडीची वाट मागितली. रस्ता पण झाला असता, वाट पण राहिली असती, आणि गावकीचा बांध म्हणून फळ्या पण कुजल्या नसत्या. तुला वाटलं आम्ही अडाणी, आम्हाला विचारलं तर आम्ही नाहीच म्हणणार. आम्ही काय म्हणणार ते तूच ठरवून टाकलंस आणि दिवस नेमलास. शिकलास ते याच्यासाठी? परक्या साहेबाला आम्हाला विचारावंसं वाटलं, आणि तुला वाटलं नाही. याचा मला जेवढा संताप येतो तेवढा बांधाचा पण येत नाही.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. ग्रामसभा या महिन्यातल्या वद्य अष्टमीला आहे, भांगाला. तारीख मी धरून ठेवली, गोटीरामभाऊंनी मान हलवली, त्यांना पण आता कळलंय. सभा शाळेत नाही, देवळापुढं. बाया मागं बसणार नाहीत. हिरामण पाटील गेले ते तुला कळलं असेलच, त्यांच्या जागी सुरुवात कोण करणार यावर बरीच घासाघीस झाली, आणि शेवटी ते काम माझ्याकडे आलंय. पहिल्यांदा बाई विचारणार, “कोन बाहेर हाय?” आणि जो बाहेर असेल तो येईपर्यंत खाजणाचा निकाल होणार नाही, ना हो ना नाही. हे गोटीरामभाऊंनी पण मान्य केलंय. तुझ्या साहेबांना घाई असेल तर त्यांना सांग, आमच्याकडे पाण्यावरच्या माणसासाठी थांबतात.

एका नावाचं अडलं म्हणून हे पत्र लिहितेय. साहेबानं पनवेलला जे सांगितलं ते मी परवा बाबांना सांगितलं. नाही सांगायचं ठरवलं होतं, पण तुझा निरोप आला आणि मला राहवलं नाही. ते ऐकून घेत जाळं सांधत राहिले, म्हणाले मला माहीत होतं. त्या दिवशीच माहीत होतं, सतरंजी झटकताना तू त्यांच्याकडं बघितलं नाहीस तेव्हाच. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढं तुझी वकिली करत होते आणि ते ऐकून घेत होते. मग मी विचारलं, अष्टमीला मी बाहेरच्यांची नावं घेईन, त्यात आपल्या तुळशीरामचं घ्यायचं का? तो ठाण्याला आहे, म्हणजे बाहेरच झाला. त्याचं घेतलं तर तो येऊन सगळ्यांसमोर बसेपर्यंत निकाल थांबवावा लागेल. बाबांनी सुई खाली ठेवली. म्हणाले, “जो परत येनार, त्याचाच नाव घेतान. त्यालाच इचार.” म्हणून विचारतेय. अष्टमीच्या आत कळव, तुझं नाव घेऊ की नको.

तू कुठंही असलास तरी तुझीच ताई,
बायजा